मिटवायला आलेली माणसं

सकाळी पावणेसात

पहिला फोन मी कराडला घरी असतानाच येतो. पलीकडे तारळे खोऱ्यातला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर. "सर, रात्री भायेर पडलो. पारावर बसलो. मंग घरात येऊन झोपलो." त्याला शाबासकी हवी असते. मी तीन प्रश्न विचारतो. गाडी काढलीस का? वाटेत कुठं 'बसलास' का? निघताना तिला काय म्हणालास?

"न्हाई. न्हाई. 'तासाभरात येतो' म्हनलं, ठरलं हुतं तसंच."

हे ठरवायला दोन बैठका गेल्या होत्या. कानशिलं तापली, दातावर दात आले, आवाज चढला की घराबाहेर पडायचं. पायी. गाडीला हात लावायचा नाही, दारूच्या दुकानाची वाट धरायची नाही, तासाभरात परत यायचं आणि आल्यावर तोच विषय उकरून काढायचा नाही. मुख्य म्हणजे हे सगळं बायकोला आधी, शांतपणे सांगून ठेवायचं. तसं न सांगता "मी चाललो" म्हणून दार आपटणारा नवरा तिला वेगळी धमकीच देत असतो. याला राग आवरण्याचं तंत्र म्हणून भाव देणारे पुष्कळ आहेत. मी त्याला मलमपट्टी म्हणतो. एक रात्र टळली, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती खरंच टळली का, हे दुपारी चारनंतर कळेल.

आठ वाजून दहा

कराड–पाटण एसटी. अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. मल्हारपेठ, नवारस्ता करत गाडी कोयनेच्या खोऱ्यात शिरते. शेजारचे गृहस्थ ओळखीचे निघतात. "तुम्ही त्या बायकांच्या संस्थेत ना?" हो, पण माझ्याकडे नवरे येतात. "म्हंजे बायका ज्यांच्यावर खोट्या केसा करत्यात ते?" नाही, ज्यांनी मारलंय ते. यानंतर नवारस्त्यापर्यंत त्यांना खिडकीबाहेरचा ऊस फार बघण्यासारखा वाटतो.

इथंच सांगून टाकतो. पुढं जी माणसं येतील त्यांची गावं, धंदे, नाती मी बदलली आहेत, दोन-तीन घरं एकात मिसळली आहेत. पाटण तालुका नकाशावर मोठा असला तरी ओळखीपाळखीत एवढासा आहे. मोरगिरीच्या बाईचा आवाज ढेबेवाडीत ओळखू येतो.

दहा

खोलीत दोन टेबलं, मध्ये पत्र्याचं कपाट. भिंतीवरच्या तक्त्यावर बायकांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२, मनाच्या आजारपणासाठी टेली-मानसचा १४४१६. हा शेवटचा नंबर मी आमच्याकडे येणाऱ्या पुरुषांना लिहून देतो. झोप नाही, दारू सुटत नाही, जीव द्यावासा वाटतो, असं रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं. "मी माझ्या माणसाला मारतो, मला थांबायचंय" म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये रिस्पेक्ट नावाची वेगळी फोनलाइन आहे. पाटणमध्ये तेवढ्यासाठी आमचं दुसरं टेबल.

आज कोर्टाकडून आलेली एक नवी फाइल. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम १४ खाली न्यायाधीश नवऱ्याला, बायकोला किंवा दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात आणि पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत ठेवतात. या कायद्याचे २००६ चे नियम फार कमी लोक वाचतात. वकीलसुद्धा. चौदाव्या नियमात लिहिलं आहे की समुपदेशनाचा रोख पुन्हा हिंसा होणार नाही या हमीवर असावा, आणि केलेल्या हिंसेचं समर्थन बैठकीत ऐकून घ्यायचं नाही. तडजोडीची बोलणी व्हायची ती बाईची इच्छा असेल तरच. तेराव्यात आहे की कोणत्याही बाजूचा नातेवाईक समुपदेशक असू नये आणि समुपदेशक शक्यतो स्त्री असावी.

म्हणून कागदावर नाव आमच्या ताईंचं असतं. मी कामातला त्यांचा जोडीदार. पुरुष पुरुषाजवळ मोकळा होतो म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. तो मोकळा होतो तो साक्षीदार शोधायला. "सर, तुमालाबी बायकू हाय. तुमाला काय सांगायचं?" या वाक्यावर नुसती मान हलली तरी तो घरी जाऊन सांगणार, सरांनाबी पटलं. या नोकरीत मी पहिल्यांदा काही शिकलो असेन तर मान स्थिर ठेवायला.

साडेदहा

हंगामी कामगार, वय पस्तिशीचं. तिसरी बैठक. बायको माहेरी, कोळ्याच्या बाजूला. तो आला आहे ती परत यावी म्हणून. सगळेच त्यासाठी येतात. आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, की तिला आणून देणं हे आमचं काम नाही. तरी तिसऱ्या बैठकीची सुरुवात "मंग कवा येनार ती?" अशीच होते.

आज आम्ही त्या संध्याकाळचा हिशेब मांडतो. का मारलं, हे मी विचारत नाही. कारणांचं पोतं प्रत्येकाकडे भरलेलं असतं. किती वाजले होते? घरात कोण होतं? तू कुठं उभा होतास, ती कुठं?

"डोक्यात राखच गेली, सर. मला काय समजलंच न्हाई."

पोरं कुठं होती?

"भावाकडं."

आपणहून गेली?

"न्हाई, मीच म्हनलं, जावा तिकडं."

दार?

"लावल्यालं."

कुणी?

बराच वेळ तो टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखानं ओढत बसतो. "मीच."

टीव्ही चालू होता, हे त्यानं गेल्या वेळी सांगितलं होतं. आवाज कुणी वाढवला, हे आज तो न विचारता सांगतो. मग मी मुकादमाचा विषय काढतो. मुकादम आईवरून शिव्या देतो, पगार कापतो, चारचौघांत अपमान करतो. त्याच्यावर कधी हात उचललास? "त्याच्यावर कसा उचलीन? काम जाईल की." मग खुर्ची मागं सारून म्हणतो, "म्हंजे तुमचं म्हननं काय, मी ठरवून मारलं?"

मी काही म्हणत नाही. पुढचा प्रश्न विचारतो. दार कधी उघडलं?

रागाचा इलाज आणि या कामातला फरक इथं आहे. ज्याला राग आवरतच नाही तो मुकादमालाही मारतो, एसटीच्या कंडक्टरलाही मारतो. तसे थोडे येतात. त्यांना सरकारी दवाखान्यात मानसोपचाराकडे पाठवावं लागतं. बाकीच्यांना राग उत्तम आवरतो. फक्त एका माणसापुढं आवरायची गरज वाटत नाही.

उठताना तो सांगतो की तिच्यासाठी साडी घेऊन ठेवली आहे. साडी आमच्या वहीत धरत नाहीत. पेटीत कुलूप लावून ठेवलेलं तिचं आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक धरतात. पुढच्या बैठकीला ते घेऊन ये, ताई तिच्याकडं पोचवतील. तिला परत बोलावण्याशी त्याचा संबंध नाही, तिचं आहे म्हणून द्यायचं. तो "बरं" म्हणतो. आणेल की नाही, सांगता येत नाही.

बारा

कोर्टात तासभर. एकाला हमीपत्र समजावून सांगायचं असतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय जुनं ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे, तिथं तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ऐकून त्याच्या कपाळावर घाम येतो. भीती वाईट नसते. ती माणसाला आमच्या दारापर्यंत आणते. आपल्या पायांनी येणारे वर्षाकाठी बोटावर मोजण्याएवढे. बाकीचे तारखेच्या धाकानंच येतात, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. बाई कोर्टात आलीच नसती तर तोही आला नसता. तिला वकील फुकट मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा. हे तिच्या आईला पुन्हा सांगून मी परत निघतो.

दीड

डबा. ताईंची भाकरी आणि वरण्याची उसळ, माझी पोळी-भाजी. आज नव्यानं रुजू झालेली समाजकार्याची विद्यार्थिनी विचारते, हे कुणी सुरू केलं?

पोलिसांच्या इमारतीत समाजकार्यकर्ती बसवायचा प्रयोग १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेनं केला. बायका आणि मुलांसाठीचा तो विशेष कक्ष पुढं महाराष्ट्रभर पसरला. बाईला आधार, कागदपत्रं, निवारा यांच्या बरोबरीनं नवऱ्याला बोलावून हिंसा थांबवण्यावर बोलणं, हेही तिथल्या कामात होतं. १९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारानं वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली, बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवेत, अशा अर्थाची. दोनशेच्या वर लोकांनी उत्तरं पाठवली. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी तेव्हापासून तिथं आहेत. पुण्यात विद्याताई बाळांच्या नारी समता मंचानं पुरुष संवाद केंद्र काढलं. विद्याताईंचं मला विशेष वाटतं. उभं आयुष्य बायकांच्या बाजूनं लढलेल्या बाईनं पुरुषांशी बोलायची खोली उघडायची, याला मोठं मन लागतं. तितकाच रोखठोक व्यवहारही लागतो. एक बाई सुटून आली तरी तो नवरा उद्या दुसरं लग्न करणारच असतो.

परदेशातलं नाव घ्यायचं तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं डुलुथ. तिथं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलीस, कोर्ट आणि समुपदेशक यांनी एकत्र येऊन मारणाऱ्या पुरुषांचे वर्ग चालवले. मार खाल्लेल्या बायकांकडून ऐकलेल्या अनुभवांतून त्यांनी एक चक्र काढलं. पैसा अडवणं, धमक्या, मुलांचा वापर, एकटं पाडणं, अशा त्याच्या पाकळ्या. आमच्या भिंतीवर त्याचंच मराठी रूप आहे. अशा वर्गांनी किती पुरुष खरंच थांबतात, यावर जगभरातले अभ्यास एकमताचे नाहीत, हेही मी तिला सांगतो. ती वहीत लिहिते आणि विचारते, मग आपण का करतो? ताई म्हणतात, "उसळ घे."

अडीच

एक बोलेरो येते. त्यातून एका फाइलमधल्या मुलाचे वडील, चुलते, गावातले एक जाणते आबा आणि एक माजी सदस्य उतरतात. मुलगा शेवटी. आबांच्या हातात स्टॅम्पपेपर. गावात बसून मिटवलं आहे, आता इथली फाइल बंद करा.

गावातच तंटे मिटवण्यासाठी १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री होते आर. आर. पाटील, आपल्या तासगावच्या अंजनीचे. बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे किती तरी तंटे त्यामुळं कोर्टाबाहेर संपले, हे मान्यच करायला हवं. पण बांध आणि बायको यांत फरक आहे. बांधाच्या तंट्यात दोन्हीकडं कुऱ्हाडी असतात. इथं मारणारा एक आणि मार खाणारी एक. तिथं दोघांनाही थोडं थोडं सोडायला सांगितलं तर तिनं काय सोडायचं?

मी स्टॅम्पपेपर वाचतो. त्यात लिहिलं आहे की मुलगी सासरच्यांना उलट बोलणार नाही, माहेरी वारंवार जाणार नाही, मोबाइल वापरणार नाही. आणि मुलगा "चांगला वागेल". तिच्यासाठी तीन अटी, त्याच्यासाठी दोन शब्द.

आबांना मी चहा देतो. वाद घालत नाही, तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. नुसतं विचारतो, याच्यावर तिची सही आहे, ती सही करताना पोरीजवळ कोण होतं? "आमी सगळेच की!" मग फाइल बंद होणार नाही, ती एकटी येऊन ताईंशी बोलल्यावर बघू. चुलते चिडतात. आमदारांचं नाव निघतं, तसं ते निघतंच. मुलाला मी पाच मिनिटं बाजूला घेतो. इतका वेळ तो एक अक्षर बोललेला नाही. "तुम्ही यांना बाहीर काढा, मंग बोलतो," म्हणतो. त्याला गुरुवारची वेळ देतो, एकट्याला.

नवरा-बायकोला एकत्र बसवून समजूत घालणं आम्ही सुरुवातीच्या महिन्यांत करतच नाही. समोर बसून अकरा वाजता ती जे खरं बोलेल त्याची किंमत तिला रात्री नऊला मोजावी लागते.

चार

आता ताईंचे फोन, या नवऱ्यांच्या बायकांना. मी तेव्हा खोलीबाहेर असतो. नवऱ्याशी बोलणाऱ्या माणसासमोर बायकोला बोलावं लागू नये म्हणून. कोणत्या निमित्तानं फोन करतात, कोणत्या वेळी, फोन नवऱ्यानंच उचलला तर काय बोलतात, हे मी इथं लिहिणार नाही.

माझ्या टेबलावरचं सगळं काम या तासावर टेकलेलं आहे. नवरा सुधारला की नाही हे तो सांगू शकत नाही. तो रडतो, पाया पडतो, आळंदीला जाऊन माळ घालून येतो, आणि त्यातलं काहीच खोटं नसतं. मीही सांगू शकत नाही, कारण मला तो आठवड्यातून एक तास दिसतो आणि त्या तासात त्यानं कुणाला मारलेलं नसतं. सांगू शकते ती एकटी. आणि तिला मारलं का, एवढंच विचारून भागत नाही. फोन कुणाकडे असतो? दुकानाला एकटी जातेस? तो घरी यायच्या वेळेला पोटात काय होतं? माहेरी फोन केलास का? गेल्या आठवड्यात कशाला तरी 'नाही' म्हणालीस का, आणि मग काय झालं?

या शेवटच्या प्रश्नासाठी मी ताईंना मानतो.

ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या बायकोनं सांगितलं: गेला होता, तासाभरात आला, झोपला. खरं आहे. पण जाण्याआधी तिच्या ताटातली भाकरी उचलून अंगणात भिरकावली, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. उद्या विचारीन. तिनं सांगितलं असं मात्र त्याला कळता कामा नये, म्हणून प्रश्न वेगळ्या वाटेनं न्यावा लागेल. त्या रात्री जेवणात काय होतं, इथून सुरू करता येईल.

साडेपाच

दारूवाल्यांची बैठक. आज पाच जण. आमच्याकडे दारू सोडवत नाहीत. त्यासाठी साताऱ्याला दाभोलकरांचं 'परिवर्तन' आहे, पुण्याला अनिल आणि सुनंदा अवचटांनी उभं केलेलं 'मुक्तांगण' आहे, शिवाय बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाच्या प्रभावाखाली माळ घालून पिणं सोडलेले या भागात गावोगाव भेटतात. आम्ही पाठवतो. बरेच जण सोडतातही.

सासू-सासऱ्यांपासून फौजदारापर्यंत सगळ्यांचा समज एकच असतो: दारू सुटली की मार सुटला. या बैठकीतला एक जण कितीतरी महिने कोरडा आहे. तोच आज सांगतो, "आदी पिऊन मारायचो तवा सकाळी वंगाळ वाटायचं. आता न पिता वरडतो, तर वाटतं आपलंच बरोबर हाय." बाकीचे हसतात. मी हसत नाही. इतकं नेमकं मला कुठल्या प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नव्हतं. दारू मार जास्त जबर करते, ती सोडलीच पाहिजे. पण बायको आपली, आपण म्हणू तसं तिनं वागावं, ही समजूत बाटलीत नसते.

सव्वासात

परतीच्या एसटीत वाशीहून फोन. पाटण आणि वाशी यांचा संबंध बाहेरच्यांना सांगावा लागतो. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील इथल्याच मंद्रुळकोळ्याचे. ढेबेवाडीच्या खोऱ्यात माथाडीचा बिल्ला नसलेलं घर शोधावं लागेल. पुरुष तिकडं वाशीच्या बाजार समितीत पोती वाहतात, बायका इकडं शेत, गुरं, म्हातारी माणसं सांभाळतात. पुरुष येतात ते नाईकबाच्या यात्रेला, गणपतीला, दिवाळीला.

हा माणूस कोर्टानं पाठवलेला नाही. कुणीच पाठवलेला नाही. गेल्या दिवाळीत त्यानं बायकोला मारलं, त्याला कित्येक महिने झाले. मग आता फोन का? "पोरगी नववीत हाय. ती आता फोनवर येतच न्हाई. आईला इचारलं तर म्हनती, अभ्यास करतीया."

रोज रात्री दहाला तो बायकोला व्हिडिओ कॉल करतो. दार दाखव, अंगण दाखव, पडवीत कोण बसलंय ते दाखव. फोन उचलला नाही तर त्या महिन्याचे पैसे आठ दिवस उशिरा. "पन हात कुठं लावलाय, सर? अडीचशे-तीनशे किलोमीटरवरनं कसली हिंसा?"

कायद्याच्या तिसऱ्या कलमात पैसा अडवणं आणि मानसिक छळ दोन्ही आहेत, हे मी सांगतो, पण त्यावर वेळ घालवत नाही. विचारतो, तू कॅमेऱ्यातून अंगण बघतोस तेव्हा मोबाइल कुणाच्या हातात असतो? बराच वेळ नुसता बाजाराचा गलका ऐकू येतो. कुणीतरी गाडी लावायला ओरडत असतं.

"पोरीच्या," तो म्हणतो.

आठवडाभर रात्रीचा कॉल बंद, पैसे एक तारखेला, काही न विचारता. आणि बायकोला सांगायचं की बंद का केला. दर रविवारी दुपारी मला फोन. तो कबूल करतो. घरचा नंबर देतो, ताई तिच्याशी बोलतील, ती बोलायला तयार असेल तर.

नऊ

जेवण झाल्यावर अहवाल. कोर्टात सोमवारी तारीख असलेल्या एकाचा. सहा बैठका झाल्या, सगळ्यांना वेळेवर हजर. हमीपत्र दिलं. पासबुक, दागिन्यांची पावती परत केली. त्याच्या वकिलांना हवा आहे एक शेरा, "वर्तनात समाधानकारक सुधारणा". त्यानं स्वतः तर मागच्या बैठकीत विचारलं, "सुधारल्याचं सर्टिफिकेट देता का?"

बायकोनं ताईंना गेल्या आठवड्यात सांगितलंय: मारत न्हाई, खरंच न्हाई मारत. पर मोटारसायकल वाजली की धाकटा अजून मोरीत जाऊन बसतो. हे लिहू का, असं ताईंनी विचारलं. ती म्हणाली, नको. कागद त्याच्या वकिलाकडं जातोच, तो वाचणार.

म्हणून अहवालात तारखा आहेत, हमीपत्राचा मजकूर आहे, परत केलेल्या वस्तूंची यादी आहे, आणि बैठका आणखी सहा महिने चालू ठेवाव्यात अशी शिफारस आहे. मोरी नाही. समाधानकारकही नाही. ताईंना फोनवर वाचून दाखवतो, त्या "सहा महिने"च्या पुढं "किमान" घालायला सांगतात. घालतो. शनिवारी वकिलांचा फोन येईल, की साहेब, एक ओळ वाढवली असती तर बरं झालं असतं. त्यांना सांगायचं, ती ओळ आमच्या हातात नाही.